एका फेजची मोटर : काडी, कंडेन्सर आणि भारनियमन

उन्हाळा लागला की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात, खरे तर साऱ्या वऱ्हाडात, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. एखाद्याचा पंखा नुसता गुणगुणतो. घरातले कोणी काडीने पाते ढकलते आणि तो फिरू लागतो. उलटे ढकलले तर उलटाही फिरतो. त्या काडीला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

1885 मध्ये इटलीतील तुरीन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी काटकोनात ठेवलेल्या वेटोळ्यांत मागेपुढे चालणारे दोन प्रवाह सोडून फिरते चुंबकक्षेत्र निर्माण केले. 1888 च्या मे महिन्यात निकोला टेस्ला यांना अमेरिकेत अशाच मोटरींची पेटंटे मिळाली. मात्र त्यांना किमान दोन फेज लागत. घराघरांत येते ती एकच. तिचे क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेत वाढते, ओसरते, उलटते. विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची ही बेरीज. थांबलेल्या रोटरला दोन्हीकडून सारखीच ओढ, म्हणून तो जागीच घुमतो. थोडी गती मिळाली की त्या दिशेची ओढ वरचढ ठरते.

यावर तोडगा म्हणजे उसनी फेज. दुसरे वाइंडिंग आणि त्याच्याशी जोडलेला कंडेन्सर प्रवाहाला पुढे सरकवतो. काही मोटरींत वेग तीन चतुर्थांशाच्या आसपास पोचला की केंद्रोत्सारी स्विच हे वाइंडिंग तोडतो. पंख्यात कंडेन्सर कायम असतो, आणि वयोमानाने त्याची ताकद उतरली की काडी लागते.

हीच विद्या पुढे शेतात गेली. 2005 मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, त्या दशकात भारनियमन कडक होते. शेतीला तिन्ही फेज ठरावीक तासच. एरवी गावात दिवे लागण्यापुरती सिंगल फेज. उभे पीक वाळताना कोण थांबणार? शेतकऱ्यांनी तीन फेजच्या मोटरीला कंडेन्सर लावून ती चालवली. नियमाने ते गैर होते, पण अडाणीपणाचे मुळीच नव्हते. मात्र कंडेन्सर एका ठरावीक भारालाच नेमका जुळतो. भार बदलला की वाइंडिंगांतले प्रवाह असमान होतात, मोटर तापते, जळते. ती भरून आणण्याचा खर्च शेतकऱ्याचा, आणि अनेकांनी एकदम चालवल्या की डीपीही जाई. मग सगळे गाव अंधारात.

पुढे गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या काढण्यात आल्या. भारनियमनाच्या तासांत शेताची लाइन पूर्णच बंद राहू लागली. कंडेन्सर लावायला तिथे एकही फेज उरली नाही.