तळटीप : ‘कनेक्शनची वही’

१४. कनेक्शनची वही : चामटोलीसारख्या बदलापूरलगतच्या गावांत केबलवाल्याचे सगळे दप्तर बहुधा या एकाच वहीत मावे : नाव, महिना, जमा, बाकी. जोडणीमागे सरकारला करमणूक शुल्क द्यायचे, सशुल्क वाहिन्यांनाही जोडण्यांवरच पैसे मोजायचे. तेव्हा कागदावरचा आकडा खऱ्याहून कमी ठेवणे हा धंद्याचा उघड रिवाज होता. (खरा आकडा वसुलीच्या पोराला तोंडपाठ असे.) १९९५च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याच्या कलम ७ने दाखवलेल्या कार्यक्रमांची नोंदवही बंधनकारक केली, पण ती जपायची मुदत प्रक्षेपणानंतर फक्त एक वर्ष. अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही ते यामुळेच. सेट-टॉप बॉक्सची सक्ती मुंबईत २०१२मध्ये, कल्याण-डोंबिवलीत २०१३मध्ये आली; ग्रामीण भाग शेवटच्या, चौथ्या टप्प्यात होता व त्याची वाढीव मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. मग ग्राहक बॉक्सच्या क्रमांकाने मोजला जाऊ लागला. त्याच वर्षी १ जुलैला राज्याचे करमणूक शुल्क जीएसटीत विलीन झाले. या प्रकरणातले त्याआधीचे जोडण्यांचे आकडे वाचकांनी किमान समजावेत. — संपादक