आस्तिकांच्या सहवासातील नास्तिक : गोरा यांच्या दैनंदिन जीवनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील नास्तिकतेचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आधारे लिहिला जातो. चार्वाकांची मते किंवा मिल व स्पेन्सर यांचा आगरकरांवरील प्रभाव हे विषय अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. परंतु ईश्वर न मानणारी व्यक्ती केवळ ग्रंथांच्या जगात राहत नाही. ती ज्या घरात जेवते, जेथे नोकरी करते, जेथे मुलांचे विवाह ठरविते, तेथे तिच्या भोवतालची बहुसंख्य माणसे श्रद्धाळू असतात. अशा सहजीवनाचा अभ्यास करण्यासाठी आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा (१९०२-१९७५) यांचे जीवन विशेष उपयुक्त ठरते. आधुनिक विद्या देणाऱ्या महाविद्यालयांत आणि रोज दोन वेळा प्रार्थना होणाऱ्या सेवाग्राम आश्रमात त्यांना मिळालेल्या वागणुकीतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

घर आणि कुटुंब

गोरा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ रोजी गंजाम जिल्ह्यातील छत्रपूर येथे एका सनातनी ब्राह्मण कुटुंबात झाला. १९२२ साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा पत्नी सरस्वती यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते. नास्तिकतेचा पहिला संघर्ष त्यांच्या घरातच उभा राहिला. १९२८ च्या सुमारास गोरांनी जानवे घालण्याचे सोडले. ब्राह्मण कुटुंबात हा केवळ सुताच्या दोऱ्याचा प्रश्न नव्हता. त्यावर सोवळेओवळे, पंक्तीतील स्थान आणि नातेसंबंध अवलंबून होते. परिणामी गोरांना पत्नी व अपत्यासह वडिलांचे घर सोडावे लागले.

या जीवनात सरस्वतीबाईंचा वाटा दुय्यम नव्हता. गरोदर स्त्रीने ग्रहण पाहू नये ही समजूत खोटी ठरविण्यासाठी त्यांनी गरोदरपणीच ग्रहण पाहिले. येथे धोका पत्करणारी व्यक्ती स्त्री होती. अपत्यास काही व्यंग आले असते, तर त्याचा दोष समाजाने तिच्याच माथी मारला असता. मुलांच्या नावांतही देवदेवतांऐवजी काळाच्या खुणा आल्या. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० साली, जन्मलेल्या मुलाचे नाव लवणम् ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभकाळी जन्मलेला मुलगा समरम् झाला, तर नवव्या अपत्याचे नाव नऊ असेच ठेवण्यात आले. ज्या समाजात नामकरण हा संस्कार मानला जातो, तेथे ही नावे नास्तिकतेची रोजची, सर्वांच्या कानी पडणारी घोषणा होती.

महाविद्यालय आणि उपजीविका

गोरा वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. मदुराई येथील अमेरिकन मिशनच्या महाविद्यालयात असताना, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविण्याची तयारी त्यांना दर्शविण्यात आली. ती त्यांनी नाकारली. पुढे काकिनाडा येथील पिठापूर राजा महाविद्यालयातून १९३३ साली त्यांना निरीश्वरवादी मतांमुळे काढून टाकण्यात आले. मच्छलीपट्टणच्या हिंदू महाविद्यालयातही त्याच दशकाच्या अखेरीस या अनुभवाची पुनरावृत्ती झाली. तोवर कुटुंब वाढलेले होते आणि नियमित वेतनाचा आधार गेला होता.

या घटनांतील विसंगती लक्षणीय आहे. वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी किंवा पेशीरचनेच्या विवेचनासाठी ईश्वरावरील श्रद्धा आवश्यक नसते. अध्यापकाच्या विषयज्ञानाशी या कारवाईचा संबंध नव्हता. संबंध होता तो संस्थेच्या प्रतिष्ठेशी आणि विद्यार्थ्यांवर होणाऱ्या संभाव्य परिणामाशी. विज्ञान शिकविणारी संस्था वैज्ञानिक वृत्ती जोपासेलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

मुदुनूरचा प्रयोग

नोकरी गेल्यानंतर गोरा कुटुंबासह कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात गेले आणि १० ऑगस्ट १९४० रोजी तेथे नास्तिक केंद्राची स्थापना झाली. वरकरणी पाहता शहरातील महाविद्यालयापेक्षा खेडे अधिक असहिष्णू असावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथे गोरांचे मूल्यमापन त्यांच्या कामावरून झाले. प्रौढशिक्षण, अस्पृश्यतानिवारण आणि स्वातंत्र्यलढा या कार्यांत त्यांचा सहभाग होता. १९४२ च्या आंदोलनात या कुटुंबाने कारावासही भोगला. पुढे पौर्णिमेच्या रात्री सर्व जातींची सहभोजने भरविण्याचा उपक्रम केंद्राने चालविला. अशा पंक्तीत बसणाऱ्यास देव सोडावा लागत नव्हता, परंतु शिवाशिव मात्र सोडावी लागत होती.

सेवाग्राम : प्रार्थनाभूमीतील नास्तिक

गोरांनी महात्मा गांधींशी प्रथम १९३० साली पत्रव्यवहार केला होता. प्रत्यक्ष भेट झाली ती नोव्हेंबर १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना हा तेथील दिनक्रमाचा कणा होता. गोरांचे म्हणणे असे की, माणसाने दैवावरचा आणि धर्माच्या शिक्क्यावरचा भार टाकून दिला, तरच अस्पृश्यता मुळापासून नष्ट होईल. गांधींनी या मताचा स्वीकार केला नाही. मात्र आपली आस्तिकता बरोबर आणि गोरांची नास्तिकता चूक असे म्हणण्यासही ते तयार झाले नाहीत. ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ अशी मांडणी गांधींनी १९३१ सालीच केली होती. त्या मांडणीत प्रामाणिक नास्तिकाला जागा होती.

या भूमिकेची खरी कसोटी एका विवाहाने घेतली. गोरांची कन्या मनोरमा आणि दलित समाजातील अर्जुनराव यांचा विवाह सेवाग्राम येथे करण्याचे ठरले. विधीत ईश्वराच्या जागी सत्याचा उल्लेख करण्यास गांधींनी संमती दिली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची हत्या झाली. तरीही मार्च १९४८ मध्ये हा विवाह सेवाग्राम येथेच पार पडला. येथे आस्तिकांनी एक शब्द बाजूला ठेवला आणि नास्तिकानेही आपल्या कन्येच्या विवाहासाठी प्रार्थनेची भूमी निवडली. गांधींशी झालेल्या संवादाची हकिकत सांगणारे गोरांचे इंग्रजी पुस्तक १९५१ साली नवजीवन या गांधींच्याच प्रकाशन संस्थेने, किशोरलाल मश्रुवाला यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, हेही येथे नमूद करावयास हवे.

सहजीवनाच्या मर्यादा

तथापि या सहजीवनाचे उदात्तीकरण करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. सेवाग्राममधील स्वीकारामागे गांधींचा वैयक्तिक अधिकार होता. शिवाय आश्रम आणि गोरा यांचे अस्पृश्यतानिवारणाचे ध्येय समान होते. जेथे असे समान ध्येय नव्हते, तेथे विरोध तीव्र झाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी विजयवाडा येथे गोरांनी गोमांस व डुकराचे मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावनांना त्यांनी हेतुपुरस्सर आव्हान दिले होते. सहभोजनात श्रद्धाळूंना सहभागी होता येत होते. या कार्यक्रमात त्यांना बहुतांशी प्रेक्षक किंवा विरोधक एवढीच भूमिका उरली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नास्तिकाचे समाजातील स्थान ईश्वरविषयक वादाच्या निकालावर ठरत नाही. ते घर, वेतन, पंक्ती आणि विवाह या व्यवहारांत ठरते. यांपैकी वेतनाचा प्रश्न शिक्षणसंस्थांशी थेट निगडित आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आणि अनुच्छेद २८ ने मान्यताप्राप्त वा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणासही संमतीविना धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. तरीही प्रार्थनेच्या वेळी हात न जोडल्याच्या कारणावरून वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारल्या गेलेल्या नाशिक येथील एका शिक्षकास मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. काकिनाड्याच्या घटनेनंतर ऐंशी वर्षांनी प्रश्न तोच होता. फरक एवढाच की, आता अध्यापकाच्या पाठीशी संविधान उभे होते. सेवाग्रामने जे संविधानापूर्वीच स्वेच्छेने केले, ते शिक्षणसंस्थांना न्यायालयाच्या आदेशाविना करता आले पाहिजे. सहकाऱ्याचे मूल्यमापन त्याच्या कामावरून करणे, एवढीच त्यासाठीची अट आहे.