शिक्षा श्रमाच्या तासांची

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अभियंते, मृत्युमुखी पडले. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेला चालक अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. त्याच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम, या दोन गोष्टी होत्या. कायद्याच्या दृष्टीने ही शिक्षा नव्हती. लोकांनी मात्र तिला शिक्षाच मानले आणि संतापाची लाट उसळली. त्या संतापात समाजसेवेच्या शिक्षेची मूळ कल्पनाही बदनाम झाली. ती मुळात कोणासाठी निघाली होती, हे पाहणे म्हणून अगत्याचे आहे.

१९६६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याच्या न्यायालयांपुढे वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या गरीब स्त्रियांचा प्रश्न होता. दंड भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि तुरुंगात धाडावे तर संसार उघडा पडणार. तेव्हा त्यांच्याकडून विनावेतन लोकोपयोगी काम करून घेण्याचा मार्ग काढला गेला. म्हणजे ही शिक्षा जन्मली ती रस्त्यावरच्याच गुन्ह्यांतून, आणि ज्यांच्यापाशी वेळ व श्रम यांखेरीज देण्यासारखे काही नव्हते, त्यांच्यासाठी.

तिला कायद्याची शिस्त लावली ब्रिटनने. बार्बरा वुटन यांच्या समितीने १९७० साली तुरुंगाला पर्याय म्हणून तिची शिफारस केली, १९७२ मध्ये कायदा झाला आणि १९७३ पासून सहा भागांत प्रयोग सुरू झाला. काम किमान ४० आणि कमाल २४० तासांचे, देखरेख प्रोबेशन खात्याची, आणि काम टाळल्यास पुन्हा न्यायालयापुढे उभे राहणे. किती तास, कोणाच्या नजरेखाली आणि न केल्यास काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली होती. म्हणूनच ते काम शिक्षा ठरले.

मद्यपी चालकांच्या बाबतीत अमेरिकेने १९९८ च्या संघीय कायद्याने पुढचे पाऊल टाकले. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान पाच दिवस तुरुंग किंवा तीस दिवस समाजसेवा, तिसऱ्यांदा किमान दहा दिवस तुरुंग किंवा साठ दिवस सेवा, अशी तरतूद राज्यांनी करावी. न केल्यास रस्तेबांधणीच्या निधीला कात्री. तुरुंगाचा एक दिवस म्हणजे श्रमाचे सहा दिवस, असा हिशेब त्यात होता.

आपल्याकडे ही कल्पना १९७८ च्या दंड संहिता दुरुस्ती विधेयकात आली. राज्यसभेने ते संमत केले, पण १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. ती पुन्हा ठळकपणे दिसली २०१२ साली. दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये एका श्रीमंत घरातील तरुणाच्या बीएमडब्ल्यूखाली सहा जणांचा बळी गेला होता; त्यांत तीन पोलीस होते. सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा दोष कायम केला, भोगलेला तुरुंगवास पुरेसा मानला, आणि ५० लाख रुपये व दोन वर्षे समाजसेवा असा आदेश दिला. सेवेची व्यवस्था केंद्रीय मंत्रालयावर सोपवली. जिला गरिबांच्या नाइलाजाने जन्म दिला, ती शिक्षा आपल्याकडे गाजली ती श्रीमंताच्या खटल्यामुळे. ही सवलत तर नव्हे, ही शंका तेव्हापासून तिला चिकटली आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने समाजसेवेला शिक्षांच्या यादीत स्थान दिले. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गैरवर्तन करणाऱ्याला जुन्या कायद्यात २४ तासांपर्यंत कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड होता. आता दंडाची मर्यादा हजार रुपये झाली आणि समाजसेवेचा पर्याय आला. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने समाजसेवेची व्याख्या घातली. पण मद्यपी चालकाविषयीच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, एवढेच आहे. पायी झिंगणाऱ्याला झाडू हाती घ्यावा लागेल. गाडी चालवत झिंगणारा दंड भरून घरी जाऊ शकतो.

दहा हजारांचा हा दंड रिक्षावाल्याला महिनाभर पुरतो, तर मोटारवाल्याच्या तो एका रात्रीच्या मेजवानीत विरून जातो. तास मात्र दोघांचाही साठ मिनिटांचाच असतो. कोणाचा जीव गेला असेल तिथे या शिक्षेला जागा नाही. पण नाकाबंदीत सापडलेल्या, सुदैवाने अजून कोणालाही न चिरडलेल्या चालकासाठी ती दंडापेक्षा न्याय्य ठरू शकेल. त्यासाठी ब्रिटनने १९७३ मध्येच सोडवलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या कायद्याने आधी लिहायला हवीत. तोवर 'समाजसेवा' हा मराठीतला मानाचा शब्द न्यायालयाच्या दारात थट्टेचा विषय होत राहील.