टेक्ससची जमीन, लंडनचे कर्ज

१८८१ मध्ये ऑस्टिनचे विधानभवन जळाले. नवे बांधून देण्याच्या मोबदल्यात टेक्ससने शिकागोच्या भांडवलदारांना ३० लाख एकर माळरान देऊ केले. जमीन अफाट, रोकड मात्र अपुरी. म्हणून १८८५ मध्ये लंडनला कंपनी निघाली आणि ब्रिटिशांना कर्जरोखे विकले गेले. पैसा काटेरी तारांत, विहिरींत, पवनचक्क्यांत, गुरांत मुरला. खरी अडचण इथेच होती: भागधारक नफ्याची वाट पाहू शकतो, रोख्याची मुदत थांबत नाही; आणि गुरांचे उत्पन्न दुष्काळ व बाजारभाव ठरवत. अखेर १९०१ पासून जमीनच विकायला काढली. १९०९ पर्यंत परदेशी देणी फिटली, १९१२ मध्ये शेवटची गुरे विकली गेली. लाल ग्रॅनाइटचे ते विधानभवन आजही वापरात आहे.