स्मृतिभ्रंशात इंद्रियांची सोबत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केले, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे पिंपरी, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. गावोगावहून आलेले तरुण येथेच स्थायिक झाले. त्यांतील काही घरांत आज रोज संध्याकाळी एकच प्रसंग घडतो. दिवेलागणीला आजोबा अस्वस्थ होतात, चपला शोधू लागतात आणि ‘रात्रपाळीला उशीर होतोय’ म्हणून दाराशी जातात. ‘अहो, तुम्ही निवृत्त होऊन वीस वर्षे झाली,’ असे सांगितले की चिडतात. हा हट्ट नव्हे आणि वेड तर नव्हेच. हा स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया आहे.

या विकारसमूहातील सर्वाधिक आढळणारा अल्झायमर हा आजार जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच औषधोपचारांच्या जोडीला रुग्णाचा दिवस कसा जातो, याला फार महत्त्व आहे.

इंद्रियेच का?

अल्झायमरमध्ये मेंदूतील नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला सहसा आधी इजा होते. सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही. परंतु हातांना अंगवळणी पडलेली कौशल्ये मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असल्याने अधिक काळ टिकतात. परिचित चालीही बराच काळ मनात राहतात. गंधाचे संदेश तर भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांत फार थेट पोहोचतात. मात्र या आजारात गंधज्ञान लवकर मंदावते, त्यामुळे वासाला प्रतिसाद मिळाला नाही तर निराश होऊ नये.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मंद प्रकाश, संगीत, सुगंध व निरनिराळे स्पर्श यांनी सजविलेल्या खास खोल्यांची ‘स्नूझलेन’ पद्धत पुढे आली. तिच्या उपयोगाविषयीचे शास्त्रीय पुरावे अजून अपुरे आहेत. संगीताबाबत चित्र थोडे आशादायक असून त्याने उदासी कमी होण्यास मदत होते. थोडक्यात, या उपक्रमांनी गेलेली स्मृती परत येत नाही; मात्र दिवस सुसह्य होऊ शकतो.

घरी काय करता येईल?

प्रथम चष्म्याचा नंबर, श्रवणयंत्र आणि कानातील मळ तपासून घ्यावा. नीट दिसत वा ऐकू येत नसेल तर कोणताही उपक्रम निष्फळ ठरतो.

स्पर्श : कारखान्यात आयुष्य गेलेल्या व्यक्तीला मोठ्या आकाराचे, धारदार कडा नसलेले स्वच्छ नट-बोल्ट द्यावेत. जोड्या लावणे, आटे फिरवणे हे हात आपोआप करू लागतात. आजींना मेथी निवडणे, मटार सोलणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे जमते. जुन्या साड्यांच्या गोधडीवर काठ, बटणे, नाड्या घट्ट शिवून ती मांडीवर दिली तर अस्वस्थ हातांना काम मिळते.

श्रवण : आळंदी आणि देहू जवळच असल्याने या भागात हरिपाठ अनेकांच्या कानांत मुरलेला आहे. टाळ हाती देऊन सोबत म्हणावे. कोणाला जुनी चित्रपटगीते प्रिय असतील. त्या वेळी दूरचित्रवाणी बंद असावी.

गंध व चव : मोगरा, उटणे, भाजलेले शेंगदाणे, फोडणीचा वास असे परिचित गंध एकेक करून द्यावेत. भोसरी हे पैलवानांचे गाव. एखाद्या जुन्या मल्लाला तालमीतल्या मातीचा वासही बोलता करील.

दृष्टी : जुनी छायाचित्रे मोठी करून दाखवावीत. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत, म्हणजे सावल्यांनी होणारा गोंधळ कमी होतो.

पथ्ये

एका वेळी एकच उपक्रम, पंधरा-वीस मिनिटे पुरे. ‘ओळखा पाहू, हे कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हा आपला सातारचा वाडा’ असे आपणच सांगावे. कंटाळा वा त्रास दिसताच थांबावे. काय आवडले, याची वहीत नोंद ठेवावी. लहान वस्तू तोंडात जाण्याचा धोका असल्याने रुग्णाला एकटे सोडू नये. कापूर व डांबराच्या गोळ्या पोटात गेल्यास विषारी ठरतात. गिळताना ठसका लागत असेल तर चवीचे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत. एक-दोन दिवसांत गोंधळ एकाएकी वाढला, तर जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले विद्वान शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या ओढीने त्याच्यामागे निघून जातात. नाव-गाव पुसले गेले तरी समोरच्या गोष्टीचा आनंद शिल्लक असतो, हे तो प्रसंग दाखवतो. तो आनंद घराच्या उंबरठ्याआत मिळावा, हेच या उपक्रमांचे प्रयोजन.

अहोरात्र सेवा करणारी पत्नी, सून वा मुलगाही थकतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ १४४१६ ही सेवा त्यांच्यासाठीही आहे. शेजाऱ्यांकडे तासभर मदत मागण्यात कमीपणा नाही.

आणि उद्या आजोबा पुन्हा रात्रपाळीला निघाले, तर वाद घालू नये. ‘बसा, चहा घेऊ. तुम्ही कोणत्या मशीनवर होता?’ असे विचारावे आणि नट-बोल्टांचा डबा पुढे ठेवावा. बऱ्याचदा चपलांचा विसर पडतो आणि हात कामाला लागतात.