जुनी गाडी, तीन किमती : डिस्पोजलच्या लिलावापासून व्हिंटेजच्या पाटीपर्यंत

१/ थ्रेड. शोरूममधली नवी स्कूटर स्वस्त आणि तीच स्कूटर कोणीतरी वापरून विकायला काढली की महाग, असा बाजार महाराष्ट्राने एके काळी पाहिला आहे. पुढे त्याच स्कूटरी किलोच्या भावाने भंगारात गेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्यासाठी आज पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक घाट उतरून कोकणात येते. यंत्र एकच, किमती तीन. हे कसे घडले आणि मधल्या फरकाचा पैसा कोणाला मिळाला, ते पाहू.

२/ सुरुवात रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून करू. मंडणगड तालुक्याच्या एका अंगाला सावित्रीची खाडी आहे. पलीकडे रायगड जिल्हा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती खेडवरून गेली. मंडणगडात रूळ आले नाहीत. त्यामुळे येथील प्रवास एसटी, वेश्वी–बागमांडल्याची फेरीबोट आणि दुचाकी यांवर चालतो. चाकरमान्याने हौसेने घेतलेली आणि पुढे बंद घराच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिलेली गाडी येथे अपूर्वाईची नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याची नजर अशाच पडव्यांवर असते.

३/ या व्यापाराचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. ब्रिटिश लष्करासाठी बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३ अशा मोटारसायकली प्रचंड संख्येने बनल्या. एकट्या एम-२०ची संख्या सव्वा लाखाच्या वर गेली. त्यांपैकी काही हिंदुस्थानातील छावण्यांत आल्या. युद्ध संपले आणि हा सारा पसारा सरकारला नकोसा झाला. जीप, तंबू, कांबळी, मोटारसायकली लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या बाजारात रुळला.

४/ डिस्पोजलच्या व्यापारातील नफ्याचे गणित साधे होते. विकणाऱ्याला जागा मोकळी करायची घाई. घेणाऱ्याला मात्र ढिगातली कोणती गाडी चालू होईल आणि कोणती फक्त सुट्या भागांसाठी उपयोगी आहे, हे ओळखता येई. तीन मोडक्या गाड्यांतून एक धावती गाडी उभी करणारा मेकॅनिक हा या व्यापाराचा खरा भांडवलदार होता. विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला अधिक माहिती असणे, हे नफ्याचे पहिले सूत्र आपण लक्षात ठेवू.

५/ स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कोणी काय व किती बनवावे, यासाठी परवाना लागू लागला. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा जोडू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी १९६१ पासून बाहेर पडू लागली. त्याच वर्षी बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर वेस्पाचे उत्पादन सुरू केले. देशाच्या मागणीला पुरवठा मात्र या मूठभर कारखान्यांचाच.

६/ उत्पादन परवान्याने बांधलेले आणि मध्यमवर्ग वाढता. १९६० मध्ये सरकारने स्कूटरींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणले. ग्राहकाने नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट पाहायची. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये बजाजची स्वतःची ‘चेतक’ आली, आणि तिच्या प्रतीक्षायादीचा काळ तर दहा वर्षांपर्यंत लांबल्याचे सांगितले जाते. आकुर्डीचा कारखाना पुण्याच्या दारात. पण पुणेकरालाही रांग चुकली नाही.

७/ याच रांगेतून ‘ऑन’ हा शब्द जन्माला आला. ज्याचा नंबर लागला, त्याने स्कूटर अधिकृत किमतीत घ्यायची आणि रांगेत मागे असलेल्याला वर पैसे घेऊन द्यायची. त्या वरच्या पैशांना ‘ऑन’ म्हणत. गाडी कागदोपत्री ‘सेकंडहँड’ होताच तिची किंमत उतरण्याऐवजी चढे. काहींनी तर चालवायचा विचार नसतानाही नाव नोंदवून ठेवले. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग टाळून गाडी मिळण्याची सोय होती. त्यामुळे घरातील कोणी परदेशी नोकरीला असणे, हेही भांडवल ठरले.

८/ अर्थशास्त्राच्या भाषेत हा टंचाईचा नफा. तो कमावणाऱ्याने यंत्रात काहीही भर घातली नव्हती. त्याने केवळ रांगेतली जागा विकली. ‘ऑन’ म्हणून मोजलेली रक्कम ही खरे पाहता प्रतीक्षेच्या वर्षांची किंमत होती आणि ती टंचाई सरकारी धोरणाने निर्माण केलेली होती. म्हणूनच धोरण बदलताच हा नफाही कापरासारखा उडून गेला.

९/ तो बदल ऐंशीच्या दशकात झाला. परवाने सैल झाले, जपानी सहकार्याला वाट मिळाली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० आली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. सीडी १०० थोड्या पेट्रोलवर लांब पल्ला गाठे. हिशेबी मराठी घराला आणखी काय हवे? रांग संपली आणि ‘ऑन’ही संपला.

१०/ मग दुसरी किंमत आली : भंगाराची. जड, पेट्रोल पिणारी, धूर ओकणारी म्हणून जुनी टू-स्ट्रोक गाडी नकोशी झाली. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्स १००चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणेच सोडण्याचे जाहीर केले. मुंबईत कुर्ल्याच्या गाड्या तोडण्याच्या बाजारात असंख्य यंत्रांचा शेवट झाला. जिच्यासाठी वडील वर्षानुवर्षे थांबले, तिला मुलाने वजनावर विकले.

११/ तिसरी किंमत या विध्वंसातूनच निर्माण झाली. गाड्या कमी उरल्या. आणि ज्यांनी त्या बालपणी पाहिल्या होत्या, त्यांच्या हातात आता पैसा होता. जावा-येझदीच्या चाहत्यांचे मेळावे भरू लागले. कंपन्यांनीही ही नाडी ओळखली : २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले आणि २०१९ मध्ये ‘चेतक’ विजेवर धावणारी होऊन परतली. ही टंचाईही टंचाईच. पण या वेळी ती काळाने आणि आपल्याच निष्काळजीपणाने घडवली.

१२/ आता व्यापाराकडे वळू. जुन्या मालाच्या बाजाराची मूळ अडचण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मधील एका प्रसिद्ध निबंधात मांडली. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. उदाहरण होते वापरलेल्या मोटारींचे. गाडी चांगली की खराब, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. आणि बाजारात खराब मालच उरतो.

१३/ व्हिंटेजच्या बाजारात हे अज्ञान दुहेरी असते. पडवीतल्या गाडीच्या मालकाला शहरातला भाव ठाऊक नसतो. तेथे व्यापारी शहाणा. पुढे तोच व्यापारी शहरी हौशी गिऱ्हाइकाला विकतो, तेव्हा गाडीत मूळचे किती आणि नंतर बसवलेले किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तेथेही व्यापारीच शहाणा. दोन्ही टोकांच्या अज्ञानावर उभा राहिलेला नफा मोठा असतो. पण त्या धंद्यावरचा विश्वास फार काळ टिकत नाही.

१४/ हे अज्ञान दूर करणारी वस्तू एकच : कागद. आरसी बुकावर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो. दोन्ही नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळले, तर गाडीची वंशावळ शाबूत आहे असे समजावे. नंबर खरवडून पुन्हा ‘पंच’ केलेला असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी चोरीची असण्याची शंका धरावी. सौद्यानंतर फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलणे हे कायद्याने बंधनकारक आहे. मूळ मालक दिवंगत असेल, तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. कोकणातल्या कित्येक आजोबांच्या गाड्या येथेच अडतात.

१५/ ‘घ्या, रंगवा, विका’ असे सांगणाऱ्या तरुण मित्रांसाठी एक काल्पनिक हिशेब. समजा, गाडी ४०,००० रुपयांना मिळाली. पिस्टन-बोअर, क्रोम, वायरिंग, टायर, सीट आणि रंग यांवर ६०,००० गेले. ती वर्षभराने १,१५,००० ला विकली. हाती आले १५,०००. त्यातून वर्षभर अडकलेल्या लाखाचे व्याज, टेम्पोभाडे आणि आरटीओच्या फेऱ्या वजा करा. उरते ते कष्टाच्या मानाने किरकोळ. खरेदी फारच स्वस्त झाली, तरच नफा दिसतो. आणि फार स्वस्त खरेदीचा अर्थ बहुधा असा, की विकणाऱ्याला काही ठाऊक नव्हते.

१६/ आणखी एक विसंगती. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि किनाऱ्याला हवा खारी, पत्रा गंजतोच. म्हणून व्यापारी गाडी घासून नव्यासारखी करतो. जाणकार संग्राहक मात्र कारखान्यातला मूळ रंग, मूळ मीटर, मूळ टूलबॉक्स शोधतो. अति दुरुस्तीने गाडी सुंदर होते, पण पुरावा म्हणून मुकी होते. जुन्या मंदिराला ऑइलपेंट फासणे आणि जुन्या जावाला चकाकी आणणे यांत फारसे अंतर नाही.

१७/ कायद्यानेही मूळ रूपाला मान दिला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००. नोंदणी दहा वर्षांची. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा निमित्तांनीच ती रस्त्यावर येते.

१८/ हेच सूत्र इतर जुन्या वस्तूंनाही लागू पडते. मुंबईचा चोरबाजार म्हणजे मटण स्ट्रीट आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार येथे समई, ग्रामोफोन, नाणी, सिनेमाची पोस्टरे यांचा व्यवहार याच माहितीच्या फरकावर चालत आला. मात्र जुन्या वस्तू घेण्याची दुसरीही एक रीत महाराष्ट्राने पाहिली. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास संग्रह सुरू केला; गावोगावचे वाडे आणि बाजार धुंडाळून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह राज्य शासनाला दिला. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने ते संग्रहालय पुण्यात उभे आहे.

१९/ येथे एक सीमारेषा आहे, तीही जाणून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना तर १८७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. माळ्यावरची पोथी किंवा मूर्ती ‘जुना माल’ म्हणून विकण्याआधी हे आठवावे.

२०/ कागदाचे मोल समजण्यासाठी पुन्हा मंडणगडात येऊ. याच तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. नानांचा वाडा वाईजवळच्या मेणवलीत. तेथील दफ्तर साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी मिळवले आणि त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. म्हणून आज उत्तर पेशवाईचा अभ्यास त्या कागदांवर करता येतो. एखादे दफ्तर वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेले असते, तर एवढे लिहिता आले नसते.

२१/ स्कूटरचे आरसी बुक आणि पेशव्यांचे दफ्तर यांची तुलना अतिशयोक्त वाटेल. पण विसाव्या शतकातील कोकणी माणसाचा इतिहास लिहायचा, तर साधने कोणती? मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे ओळखपत्र, स्कूटर नोंदवल्याची अनामत-पावती, कर्ज फेडल्याचा दाखला. गाडी विकली जाते तेव्हा हे कागद बहुधा चुलीत किंवा रद्दीत जातात. व्यापाऱ्याला गाडी मिळते, घराला चार पैसे मिळतात आणि एका कुटुंबाची तीस वर्षे पुसली जातात.

२२/ जुन्या गाड्यांचा व्यापार वाईट नाही. अनेक यंत्रे या व्यापाऱ्यांमुळे भंगारातून वाचली आणि अनेक कारागिरांची कला जिवंत राहिली. मागणे एवढेच, की घेणाऱ्याने विकणाऱ्याला चालू भाव सांगावा आणि विकताना बदललेल्या भागांची यादी द्यावी. अशाने प्रत्येक सौद्यातला नफा थोडा घटेल. पण ज्याचा शब्द खरा निघतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

२३/ आणि आपल्यासाठी एक काम. घरात जुनी गाडी असेल, तर विकण्याआधी वहीचे एक पान लिहा : कोणी घेतली, कोणत्या साली, किती दिवस वाट पाहून, कोणाच्या पैशाने, पहिली फेरी कोठे झाली. आरसी बुकाची प्रत आणि एक छायाचित्र सोबत ठेवा. गाडी घेणाऱ्याला त्या पानाची नक्कल द्या; मूळ पान घरी राहू द्या. आपल्या घरच्या गाडीची गोष्ट खाली लिहिलीत, तर वाचायला आनंद होईल. थ्रेड समाप्त.