रुग्णालयाच्या थकीत देयकाचा दावा

रुग्णालयाच्या थकीत देयकाचा दावा म्हणजे केलेल्या उपचारांचे पैसे वसूल करण्यासाठी रुग्णालयाने किंवा डॉक्टरने रुग्णाविरुद्ध, अथवा त्याच्यासाठी हमी दिलेल्या व्यक्तीविरुद्ध, दिवाणी न्यायालयात दाखल केलेला वसुलीचा दावा होय. भारतीय कायद्यानुसार देयक थकणे हा गुन्हा नसून ते दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. त्यामुळे रुग्णालयाला पैसे मागण्याचा हक्क असला, तरी वसुलीसाठी न्यायालयाचाच मार्ग धरावा लागतो. पुढील माहिती महाराष्ट्रातील कायदेशीर स्थितीची असून न्यायालयीन रचना स्पष्ट करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी या गावाचे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी

कर्जवसुलीचे दावे आणि प्रतिवादीची गैरहजेरी हा महाराष्ट्रातील जुना प्रश्न आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील खतपत्रे जाळली. शेतकरी न्यायालयात हजर न राहिल्याने सावकारांचे दावे एकतर्फी निकाली निघतात, ही त्या काळातील एक प्रमुख तक्रार होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा करण्यात आला. आजही पैशाच्या दाव्यात प्रतिवादीचे सर्वाधिक नुकसान समन्सकडे दुर्लक्ष केल्याने होते.

रुग्ण अडवून ठेवण्यास मनाई

देयक भरले नाही म्हणून रुग्णाला रुग्णालयात अडकवून ठेवणे बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये अशीच भूमिका घेतली होती. बळजबरीने अडवून ठेवणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १२७ खाली अन्यायकारक बंदिवासाचा गुन्हा ठरू शकतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत रुग्णाला घरी सोडले जाण्याचा आणि मृताचे पार्थिव ताब्यात मिळण्याचा हक्क नमूद आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. घरी सोडल्याने देणे मात्र संपत नाही. त्यासाठी रुग्णालय नंतर दावा करू शकते.

अधिकारक्षेत्र

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० नुसार प्रतिवादी जेथे राहतो तेथे किंवा दाव्याचे कारण जेथे घडले तेथे दावा दाखल करता येतो. गडमुडशिंगीच्या रहिवाशाने कोल्हापुरात उपचार घेतले असल्यास दावा कोल्हापूर येथील दिवाणी न्यायालयात चालतो आणि रकमेनुसार तो कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे जातो. त्याच व्यक्तीवर पुण्यात उपचार झाले असतील, तर रुग्णालय पुण्यातही दावा करू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील प्रकरणांत उच्च न्यायालयात जाण्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच कार्यरत झाले आहे.

मुदत

मुदत कायदा, १९६३ नुसार अशा दाव्यासाठी साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी व सही करून देणे मान्य केले, तर कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. काही रक्कम भरून तशी सहीनिशी नोंद केल्यास कलम १९ नुसार हाच परिणाम होतो. म्हणून जुन्या देयकाबाबत कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मुदतीचा विचार महत्त्वाचा ठरतो.

समन्स आणि लेखी कैफियत

दाव्यापूर्वी बहुधा वकिलामार्फत नोटीस येते. नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. तरीही तिला लेखी उत्तर दिल्यास प्रतिवादीची बाजू सुरुवातीपासून नोंदली जाते. न्यायालयाचे समन्स मिळाल्यावर सर्वसाधारण दाव्यात ३० दिवसांत लेखी कैफियत दाखल करावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

लेखी करार किंवा वचनचिठ्ठीच्या आधारे निश्चित रक्कम मागितली असेल, तर आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा दाखल होऊ शकतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. पुढे निकालासाठीचे समन्स आल्यावर पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. समन्स कोणत्या प्रकारचे आहे हे पाहणे त्यामुळे पहिले काम ठरते.

प्रतिवादी हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. समन्स मिळालेच नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, असे दाखवून सर्वसाधारण दाव्यात आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करून घेता येतो. त्यासाठी अर्जाची मुदत ३० दिवस आहे. समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजली जाते.

बचावाचे मुद्दे

प्रतिवादीला पुढील मुद्दे मांडता येतात:

• देयकातील चुका: न दिलेली औषधे, दुबार नोंदी, दरपत्रकापेक्षा अधिक आकारणी. यासाठी तपशीलवार देयक आणि उपचारांची कागदपत्रे आवश्यक असतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे बंधनकारक आहे.

• भरलेल्या रकमा: अनामत रक्कम, विमा कंपनीने दिलेले पैसे व पावत्या.

• शासकीय योजना: २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली व २०१७ मध्ये नाव बदललेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचार विनामूल्य देते. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

• धर्मादाय रुग्णालयातील सवलत: मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. पात्रता तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिकेवरून ठरते. तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे करता येते.

• मुदतबाह्य दावा.

• उपचारांतील हयगय: हा आरोप पुराव्याने सिद्ध करावा लागतो, केवळ रुग्ण बरा न होणे पुरेसे नसते. प्रतिवादी त्याच दाव्यात प्रतिदावा करू शकतो किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करू शकतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले आहे.

हमीपत्र, वारस आणि धनादेश

रुग्णाला दाखल करताना नातेवाइकांकडून हमीपत्रावर सही घेतली जाते. देयक भरण्याची हमी त्यात स्पष्टपणे असल्यास भारतीय करार कायदा, १८७२ नुसार सही करणारा जबाबदार ठरू शकतो. उपचारांच्या संमतीपत्रावरील सही मात्र पैशाची हमी होत नाही.

रुग्णाचा मृत्यू झाल्यास वारसांवरील जबाबदारी मृताच्या त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांबाबत, वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे एवढ्याच आधारावर न्यायालय मुलाविरुद्ध वसुली मान्य करीत नाही.

देयकापोटी दिलेला धनादेश न वटल्यास प्रकरण केवळ दिवाणी राहत नाही. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार रुग्णालयाला धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. खात्यात पैसे नसताना मुदतीची तारीख टाकून दिलेला धनादेश त्यामुळे धोक्याचा ठरतो.

तडजोड व विधी सेवा

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतील नागरिक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड होते. तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असून त्यावर अपील नसते. म्हणून हप्ता पेलण्यासारखा आहे का, याचा विचार सही करण्यापूर्वी करावा लागतो.

हुकूमनामा आणि वसुली

देणे खरे असले, तरी आदेश २०, नियम ११ खाली न्यायालयाकडे हप्ते मागता येतात. हुकूमनाम्यानंतर पैसे न दिल्यास रुग्णालय दरखास्त दाखल करते. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे. बँक खाते, जमीन, वाहन यांवर जप्ती येऊ शकते. मात्र कलम ६० पुढील गोष्टींना संरक्षण देते:

• आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने;

• कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे, बियाणे आणि राहते घर;

• मजुरांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी व शासकीय निवृत्तिवेतन;

• पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग.

उदाहरणार्थ, २५,००० रुपये पगारातून दरमहा जास्तीत जास्त ८,००० रुपये जप्त होऊ शकतात. गडमुडशिंगी परिसरातील ऊस उत्पादक शेतकरी आणि औद्योगिक वसाहतींतील कामगार यांच्या दृष्टीने या तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. इतरांबाबतही केवळ गरिबीमुळे पैसे देता न आल्यास दिवाणी कैद देता येत नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले आहे.